वहिनींसाठी मोठी गाडी घ्यायची आहे, कोणती घेऊ?

भुसावळच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून इथे देते.

"ताई, माझी पत्नी यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. अकरा वर्षांपासून स्प्लेंडरवर जाते, जाऊन-येऊन ४४ किलोमीटर. माझ्याकडे रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० आहे. रविवारी आम्ही आपापल्या गाडीवर निघतो. सातपुड्यातलं मनुदेवी, पाल, एकदा पाटणादेवी. पण सत्तरच्या पुढे तिची गाडी थरथरते, केळीचा ट्रक ओलांडायची हिंमत होत नाही, आणि मी पुढच्या फाट्यावर थांबून वाट बघतो. तिचं वय ३९, उंची पाच फूट दोन इंच, वजन ५४ किलो. ती म्हणते, मोठी गाडी हवी, पण हलकी हवी, पटकन वळणारी हवी आणि कंबर धरणारी नको. एका शोरूममध्ये गेलो तर माणूस म्हणाला, 'मॅडमसाठी स्कूटर दाखवू का?' ती तडक बाहेर आली, पुन्हा त्या विषयावर बोललीच नाही. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला न सांगता माझ्यासारखीच क्लासिक आणून दारात उभी करायचं मनात आहे. जोडीला जोड होईल. बरोबर करतोय ना?"

भाऊ, तुमचा हेतू फार चांगला आहे. बायकोच्या गाडीसाठी कोणाला तरी पत्र लिहून विचारणारे नवरे मला फारसे भेटत नाहीत. पण न सांगता आणू नका. आणि क्लासिक तर न सांगता अजिबात आणू नका.

का ते सांगते. चाळिशीत मला अशीच एक गाडी भेट मिळाली होती. मी तोवर शंभर सीसीवर जळगाव जिल्हा पालथा घातलेला. आमच्या यजमानांनी पैसे साठवून, मला कळू न देता, काळी चकचकीत मोठी गाडी आणली. हार घातलेला, हँडलला लाल फीत. मी रडलेच. पुढे तिसऱ्या की चौथ्या दिवशी अमळनेरला एका पेट्रोल पंपावर थांबले. पंपाच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून उतार असतो, चालताना तो जाणवतही नाही. मी डावा पाय खाली टाकला आणि जमीन जिथे असायला हवी होती तिथून दोन बोटं खाली होती. बस्स, तेवढंच. गाडी झुकली, मी जोर लावला, आणि एका टप्प्यानंतर ती माझी राहिलीच नाही. हळूच, मला बरोबर घेऊन, आडवी झाली. पंपावरच्या पोराने धावत येऊन उचलली आणि म्हणाला, "गाडी जड शे, ताई."

मला लागलं काहीच नव्हतं. पण त्या दिवसापासून मी गाडी बाहेर काढताना आधी रस्ता नाही, थांबायची जागा आठवायला लागले. तिथे उतार आहे का, खडी आहे का, वळवायला जागा आहे का. अकरा महिने मी ती चालवली. त्यातले नऊ महिने केवळ त्यांना वाईट वाटू नये म्हणून. भेटीला नाही म्हणता येत नाही हो. शेवटी एका रात्री दोघंही मोकळेपणाने बोललो, गाडी विकली आणि मी स्वतः बसून, उठून, ढकलून बघितलेली गाडी घेतली. ती आजही आहे.

म्हणून तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते वहिनींचं वाक्य. हलकी, पटकन वळणारी, कंबर न धरणारी. त्यांनी तुम्हाला निवडीचं मापच हातात दिलं आहे. अकरा वर्षं रोज ४४ किलोमीटर म्हणजे वर्षाला दहा हजारांच्या आसपास. एवढं अंतर कापलेल्या बाईला आपल्याला काय हवं ते नेमकं कळतं. आपण फक्त ते गाड्यांवर लावून बघायचं.

पहिलं माप, वजन. स्प्लेंडर ११२ किलोची. क्लासिक ३५० पेट्रोलसकट १९५ किलोची. म्हणजे ८३ किलोंची वाढ, एक भरलेलं धान्याचं पोतं मागे बांधावं तशी. आता तुम्ही म्हणाल, चालायला लागली की वजन कुठे जाणवतं? खरं आहे. तीस-चाळीसच्या वेगाला १९५ किलोची गाडी उलट जास्त शांत चालते, तापीच्या पुलावर आडवा वारा सुटला तरी हलत नाही. पण वहिनींच्या दिवसात गाडी फक्त पळत नाही. सकाळी पोर्चमधून मागे ढकलत बाहेर काढायची असते. शाळेच्या आवारात पोरांच्या सायकलींमधून वाट काढत उभी करायची असते. दुपारी कोणीतरी मागे ट्रॅक्टर लावून ठेवतो, मग तिथल्या तिथे वळवायची असते. या सगळ्याला वेग शून्य ते पाच, आणि त्या वेगात सगळा भार हातांवर, पायांवर आणि कमरेवर येतो. कंबर धरते ती बऱ्याचदा प्रवासाने नाही, या ढकलाढकलीने.

तुम्ही पाच फूट आठ-नऊ इंच असाल तर तुमची क्लासिक तुम्हाला कधी जड वाटली नसणार. त्यामुळे हा मुद्दा तुमच्या मनात आला नाही, यात तुमची चूक नाही.

दुसरं माप, सीटची उंची. आणि इथे कागदावरचा आकडा फसवतो. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर, क्लासिकची ८०५. फरक जेमतेम वीस मिलिमीटरचा, दोन सेंटीमीटर. मग पाय टेकायला हवेत की नाही? नेहमीच टेकत नाहीत, कारण स्प्लेंडरची सीट आणि टाकी सडपातळ आहे, पाय सरळ खाली जातात. मोठ्या गाडीची सीट रुंद असते, मांड्या फाकतात आणि तेवढी उंची पायातून वजा होते. घरीच एक करून बघा. वहिनींना रोजच्या बुटात भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरायला सांगा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. तो आकडा चिठ्ठीवर लिहून शोरूममध्ये न्या. सीट त्या मापापेक्षा थोडी उंच असली तरी चालतं, बसल्यावर फोम आणि शॉकअप दोन्ही दबतात. दोन्ही तळवे पूर्ण टेकलेच पाहिजेत असंही नाही. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकले, किंवा किंचित सरकून एक तळवा सपाट बसला, की पुरे. पण हे सपाट फरशीवर नाही, उतारावर बघायचं. पंपावरचा माझा धडा तोच आहे.

आता गाड्यांकडे येते. मी चार-पाचच नावं घेणार आहे, कारण पंधरा गाड्या बघून माणूस दमतो आणि शेवटी रंग बघून घेतो.

तुमच्या घरात रॉयल एन्फिल्ड आहे, म्हणून हंटर ३५० पासून सुरुवात करू. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आली. इंजिन तुमच्या क्लासिकचंच घराणं, ३४९ सीसी, टॉर्क म्हणजे चाक ओढायचा जोर २७ न्यूटन मीटर. स्प्लेंडरचा टॉर्क आठच्या आसपास आहे, म्हणजे तिपटीहून जास्त. केळीचा ट्रक ओलांडताना वहिनींना जे कमी पडतं ते हेच. गाडीचं वजन १८१ किलो, क्लासिकपेक्षा चौदा किलो कमी. दोन्ही चाकं १७ इंची आणि दोन चाकांमधलं अंतर १३७० मिलिमीटर, त्यामुळे ती हातात लवकर वळते. पहिल्या हंटरचा मागचा शॉकअप कडक असल्याची बऱ्याच जणांची तक्रार होती. २०२५ च्या मॉडेलमध्ये तो बदलला, सीट ७९० मिलिमीटरवर आणली आणि क्लच हलका केला. जुनी हंटर सेकंडहँड मिळत असेल तर हा फरक लक्षात ठेवा, आपल्याकडच्या रस्त्यांवर तो महिन्याभरात कमरेला कळतो.

दुसरी टीव्हीएस रोनिन. हीसुद्धा २०२२ ची. २२५.९ सीसी, वीस पीएसच्या आसपास ताकद, टाकी चौदा लिटरची, सीट ७९५. आणि वजन १६० किलो. हंटरपेक्षा एकवीस किलो कमी, क्लासिकपेक्षा पस्तीस. पस्तीस किलो कमी म्हणजे उतारावर गाडी झुकली तर ती पुन्हा सरळ करता येण्याची वेळ हातात उरते. टॉर्क हंटरइतका नाही, वीस न्यूटन मीटरच्या जवळपास. पण तुमच्या क्लासिकच्या मागे ऐंशीने निवांत चालायला तो भरपूर आहे.

होंडाची हायनेस सीबी ३५० गुळगुळीत चालते, क्लच लोण्यासारखा. वजन हंटरइतकंच. पण पुढचं चाक १९ इंची आणि गाडी लांब. लांब रस्त्याला सुख, गल्लीत वळवायला जास्त जागा. रोजचं काम फक्त हायवेचं असतं तर मी तिला वर ठेवलं असतं.

रॉयल एन्फिल्डच्याच मीटिऑर ३५० बद्दल थोडं थांबून सांगते, कारण पाच फूट दोन इंच उंची सांगितली की शोरूमवाले आधी तीच दाखवतील. सीट ७६५ मिलिमीटर, वरच्या सगळ्या गाड्यांपेक्षा बुटकी. वहिनी बसल्या की दोन्ही तळवे मस्त टेकतील आणि चेहरा उजळेल. पण दोन गोष्टी आहेत. एक, वजन १९१ किलो. दुसरी, पायदान पुढे आहेत. पाय पुढे टाकून बसलं की खुर्चीत बसल्यासारखं वाटतं, पण खड्डा किंवा गतिरोधक आला की पायांवर जोर देऊन सीटवरून उठता येत नाही. दणका सरळ माकडहाडातून पाठीच्या कण्यात. पायदान बुडाच्या जवळजवळ खाली असले की गुडघे शॉकअपचं काम करतात. आपल्याकडे प्रत्येक गावाच्या वेशीला, प्रत्येक शाळेसमोर, कधी कधी एखाद्याच्या घरासमोरही गतिरोधक आहे. ज्यांना कंबर जपायची आहे त्यांनी पाय पुढे असलेली गाडी विचार करून घ्यावी. बजाज ॲव्हेंजरलाही हेच लागू, सीट ७३७ मिलिमीटरची असली तरी.

ट्रायम्फ स्पीड ४०० चं नाव तुमच्या कानावर येईलच. ३९८ सीसीच्या मॉडेलची ताकद चाळीस पीएस. वळायला देखणी गाडी, याबद्दल दुमत नाही. पण ताकद स्प्लेंडरच्या पाचपट. आठ पीएसवरून थेट चाळीसवर जाताना उजव्या मनगटाची सवय बदलायला वेळ लागतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची रेघ बरोबर ३५० सीसीवर आहे. ३५० पर्यंत २८ चा कर १८ टक्के झाला, त्यापेक्षा मोठ्या इंजिनाला ४० टक्के. वहिनींना वेगाची ओढ असेल तर जरूर बघा, पण त्यांच्या तीन अटींमध्ये वेग नव्हता.

माझा कल विचाराल तर रोनिनकडे आहे, आणि तिच्या पाठोपाठ नवी हंटर. रोज गावच्या शाळेवर आणि रविवारी सातपुड्यात, या दोन्हीला एकच गाडी पुरवायची तर १६० किलो हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. पण माझा कल हा फक्त यादी लहान करण्यापुरता. दोन्ही गाड्यांवर बसून वहिनी म्हणाल्या, "हंटर", तर हंटर. आणि सगळं वजन-बिजन ऐकून, चालवून, ढकलून त्या म्हणाल्या, "मला क्लासिकच हवी," तर क्लासिक. मग ती जड वाटणार नाही, कारण ती त्यांनी पत्करलेली असेल.

शोरूममधली टेस्ट राइड दहा मिनिटांची असते, सरळ रस्त्यावर जाऊन यायची. तिने काही कळत नाही. आधीच फोन करून अर्धा तास मागून घ्या आणि सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत. त्या अर्ध्या तासात वहिनींनी काय करावं ते सांगते. इंजिन बंद ठेवून गाडी शोरूमच्या उतारावरून मागे ढकलत वर आणायची, एकटीने. तुम्ही हात लावायचा नाही. मग डबल स्टँड असेल तर त्यावर चढवून बघायची, आणि बसल्या-बसल्या साइड स्टँडपर्यंत पाय पोचतो का ते. मग एका साध्या डांबरी गावरस्त्यावर, पाय न टेकता, पहिल्या गियरमध्ये पूर्ण वळसा. क्लच पुन्हा पुन्हा दाबून बघायचा, कारण बायकांचा पंजा लहान असतो आणि लिव्हर लांब असला की अर्ध्या तासात अंगठ्याखालचा स्नायू दुखतो. काही गाड्यांना लिव्हर जवळ-लांब करता येतो, विचारायचं. मग दोन-तीन गतिरोधक, मुद्दाम जरा वेगात. सगळ्यांत शेवटी सत्तर-ऐंशीचा वेग. तो शेवटी, कारण त्यात सगळ्याच गाड्या छान वाटतात.

आणि तुम्ही त्या वेळी चहाला जा. मनापासून सांगते. नवरा बाजूला उभा राहून "क्लच सोड, क्लच सोड" करत असला की चांगली चालवणारी बाईही गडबडते. शोरूमवाल्यालाही मग तुमच्याशी नाही, त्यांच्याशी बोलावं लागेल. स्कूटर दाखवू का म्हणणारा माणूस भेटलाच, तर उत्तर वहिनींना देऊ द्या. अकरा वर्षांचं उत्तर आहे त्यांच्याकडे.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती लिहून ठेवा. स्प्लेंडरचे चारही गियर पायाने पुढे दाबत टाकायचे असतात. या मोठ्या गाड्यांना पहिला गियर खाली आणि बाकीचे वर. म्हणजे अकरा वर्षांच्या सवयीने वहिनी वेग घेताना पाय खाली दाबतील, आणि गियर वाढायच्या ऐवजी उतरेल. साठच्या वेगात हे झालं तर मागचं चाक ओढल्यासारखं होतं, क्षणभर घसरतंही. काळजाचा ठोका चुकतो. स्लिपर क्लच असेल तर झटका कमी बसतो, आणि रोनिनला, नव्या हंटरला तो आहे. पण भरवसा सवयीवर हवा. पहिले आठ-दहा दिवस शाळेला नवी गाडी न्यायचीच नाही. संध्याकाळी मोकळ्या मैदानावर नुसता गियरचा सराव. तोंडाने म्हणत म्हणत, "वर, वर, वर." हसू येईल, पण पायाला तेव्हाच कळतं.

त्याच मैदानावर वळण्याचाही सराव. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका दाबलेला, आणि नजर पुढच्या चाकाकडे नाही तर जिकडे जायचं तिकडे. मान खांद्यापलीकडे वळली की गाडी आपोआप वळते. आणि आडवी पडलेली गाडी उचलायचा सरावही करा, जुनी गादी खाली टाकून. गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेला बूड टेकवायचं, गुडघे वाकवून एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत उठायचं. कमरेतून वाकून हाताने उचलायला गेलं की कंबर गेलीच. उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे पडते. पंपावर मला हे माहीत असतं तर ते अकरा महिने वेगळे गेले असते.

अजून एक, ओढणीबद्दल. स्प्लेंडरची चेन पूर्ण झाकलेली असते. या गाड्यांची बरीचशी उघडी. ओढणी, पदर, पावसाळ्यात रेनकोटचा घोळ, काहीही आत जाऊ शकतं. ओढणी आडवी बांधून पाठीमागे गाठ मारायची वहिनींची पद्धत असेल, तर ती गाठही आत खोचायला हवी. शक्य असेल तर वर जॅकेट. आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत जॅकेट म्हटलं की लोक हसतात, पण जाळीचं जॅकेट मिळतं, वारा आरपार जातो. आणि उघडी चेन म्हणजे पाचशे किलोमीटरला एकदा साफ करून तेल देणं आलं. काळ्या मातीची धूळ चेनीला चिकटून वंगणाचा गिलावा होतो. हे काम तुमचं, असं मी परस्पर ठरवून टाकते.

एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, बघून घ्या. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना तो २०१९ पासून सक्तीचा आहे, पण काही मॉडेलच्या स्वस्त प्रकारात तो फक्त पुढच्या चाकाला असतो. थोडे पैसे जास्त गेले तरी दोन्ही चाकांचा घ्या. पहिल्या पावसात केळीच्या पानांचा चिखल रस्त्यावर पसरलेला असतो, तिथे मागचं चाक लॉक झालं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. लेगगार्ड पहिल्याच दिवशी बसवा. लायसन्सची काळजी नको, गियरच्या गाडीचं आहे तेच चालतं, आपल्याकडे सीसीप्रमाणे वेगळं लागत नाही.

आणि स्प्लेंडर विकू नका. निदान एक पावसाळा तरी. मोठी गाडी आली की जुनी त्याच दिवशी एक्सचेंजला द्यायची घाई असते, शोरूमवालेही तेच सुचवतात. पण शाळेपर्यंतचा शेवटचा तुकडा कच्चा असेल तर जुलैत काळी माती चाकाला लागते, मडगार्डमध्ये गच्च बसते, आणि चाक फिरायचंच थांबतं. त्या दिवशी ११२ किलोची गाडी ओढत नेता येते, १८१ ची नाही. खर्चाचंही बघा. स्प्लेंडर साठचं ॲव्हरेज देते, ३५० सीसीची गाडी पस्तीसच्या आसपास. ४४ किलोमीटरला रोज अर्धा लिटर पेट्रोल जास्त, चोवीस दिवसांच्या शाळेला महिन्याला बारा-तेरा लिटर. तुम्ही मनाची तयारी केली असेलच, पण हा हिशेब दोघांनी मिळून एकदा कागदावर मांडलेला बरा. चिखलाच्या दिवसांत स्प्लेंडर, कोरड्यात नवी, असं वर्षभर करून बघा. मग काय विकायचं ते वहिनी ठरवतील.

राहिली आखाजी. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, आपल्याकडे लेकी माहेरी येण्याचा, झोक्यांचा. त्या दिवशी भेट द्यायची तुमची इच्छा मोडू नका. फक्त गाडी दारात उभी करू नका. एका पाकिटात, तुम्ही साठवलेत त्या पैशांचा आकडा लिहा, खाली दोन शोरूमची नावं, आणि त्याच्या खाली, "तू निवड, मी चहाला जातो." वहिनी आखाजीला माहेरी जाणार असतील तर जाण्याआधी द्या, वडिलांना आणि भावांना सांगायला त्यांना चार दिवस मिळतील. मुहूर्ताच्या दिवशी शोरूमला जत्रा असते, हँडओव्हर देणारा पोरगा दहा गाड्यांमागे पळत असतो. आरसे, हँडलची उंची, क्लचचा खेळ, चाकातली हवा, हे वहिनींच्या मापाने लावून घ्यायला त्याला वेळ नसतो. त्यामुळे गाडी नंतरच्या आठवड्यात, साध्या मंगळवारी आणली तरी चालेल.

पहिली सर्व्हिसिंग झाली की पालला जाऊन या. चढाला लागलात की या वेळी वहिनींना पुढे राहू द्या. तिथून मला दोन ओळी लिहा, कोणती घेतली ते. आणि शक्य असेल तर त्या ओळी वहिनींनी लिहाव्यात.